मागच्या खोल्यांचं मीटर

सरलावहिनीच्या दाराला कुलूप होतं आणि तिचं मीटर फिरत होतं.

मी टायपिंगच्या क्लासहून नुकतीच आले होते. अकोल्याचा मे महिना, भर दुपार. ओसरीत सायकल लावताना नजर सहज वर गेली. ओसरीच्या भिंतीवर लाकडी पेटीत दोन मीटर शेजारी शेजारी होती. एक आमचं, एक आमच्या मागच्या दोन खोल्यांचं, जिथं भाडेकरू राहायचे. तेव्हाची मीटरं चकतीची. काचेआड पत्र्याची चकती फिरायची आणि तिच्या कडेचा लाल ठिपका दर फेरीला समोरून जायचा. आमचा ठिपका रमतगमत चालला होता. मागच्यांचा मात्र आला कधी नि गेला कधी, कळत नव्हतं.

मागच्या खोल्यांत तेव्हा विलास ठोंबरे आणि त्यांची बायको सरला राहत होते. विलासभाऊ सकाळी डबा घेऊन डाळ मिलमध्ये जायचे ते दिवेलागणीला यायचे. म्हणजे घरात असलीच तर वहिनी. मी बोळातून मागे गेले, तर दाराला बाहेरून कुलूप. खिडकी लावलेली. मी हाक मारली. ओ नाही. का कोण जाणे, मी चप्पल काढली आणि दाराला कान लावला. आतून काहीतरी घरघरल्यासारखं वाटलं. की ते आमच्याच कूलरचं होतं, नीट ठरवता येईना. पण कुलूपबंद घरात कोणीतरी पंखा लावून बसलंय, असंच माझ्या मनात आलं.

आमच्या घरात शिरले, तर सरलावहिनी समोरच्या खोलीत आईजवळ बसून शेवया मोडून डब्यात भरत होती. कूलरचा वारा तिच्या पदराला लागत होता.

“आली का वं नंदे?” ती म्हणाली. “ये, बस गारव्यात.”

“वहिनी, तुमच्या घरात कोण आहे?”

ती हसली नाही. एरवी कशालाही हसणारी बाई. आई पाणी आणायला उठली, तशी ती हळूच म्हणाली, “तूही पाहिलं मीटर?”

तिनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. आम्ही दोघी मागे गेलो. कुलूप उघडलं. आत कोणी नव्हतं. पंखा बंद. स्वयंपाकघरातला बल्ब तर तिनं काढूनच ठेवला होता. कोनाड्यातला रेडिओसुद्धा सेलवरचा. खाटेवर गादी, आणि गादीखाली विलासभाऊंचे दोन शर्ट दाबून ठेवलेले. इस्त्रीची वीज वाचावी म्हणून ती शर्ट असे झोपून सरळ करायची.

“सारं बंद हाय,” ती म्हणाली. “रोज पाहतो मी. बाहेर गेली की थे चकरी गरगर फिरत असते. मले तर रात्री झोप नाही येत. भिंतीत काही हाय का वं, नंदा?”

ही वीज वाचवायची विद्या तिला माझ्या वडिलांनीच शिकवली होती. आबा शाळेत भूगोल शिकवायचे. सगळी वस्ती त्यांना महल्ले सर म्हणायची, आणि भूगोलापेक्षा त्यांची ख्याती होती ती विजेच्या बिलाची. आमच्याकडे कूलर होता, फ्रिज होता, पाण्याची मोटर होती, तरी आमचं बिल शेजारच्या एका पंख्याच्या घरापेक्षा कमी यायचं. लोक आपापली बिलं घेऊन संध्याकाळी ओसरीत येऊन बसायचे. आबा समजावून सांगायचे. फ्रिज भिंतीला चिकटवू नका. आठवड्याची इस्त्री एकाच बैठकीत करा. खोलीतून उठलात की आधी बटण, मग चप्पल. कोणी म्हणायचं, सर, आम्ही सारं करतो, तरी फरक पडत नाही. आबा हसून म्हणायचे, “करता म्हणता, पण मनापासून करत नाही.” गणेशोत्सवात मंडळानं त्यांचं भाषणही ठेवलं होतं. आईला आणि मला त्याचा अभिमान होता. मुलींच्या कॉलेजात कोणी महल्ले सरांची का, असं विचारलं की मी मान वर करून हो म्हणायचे.

सरलावहिनी त्यांची सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थिनी होती. दिवाळीला ती इथे राहायला आली. पहिलंच बिल पाहून विलासभाऊ चिडले, तेव्हापासून आबा सांगतील ते ती करत गेली. थंडीत बिल थोडं उतरलं आणि उन्हाळा लागला तसं चढतच गेलं. दुपारी घरात पंखा लावायचा नाही म्हणून ती आमच्याकडे येऊन बसायला लागली. आईनंच बोलावलं होतं. आमचा कूलर चालूच असतो, तू कशाला तिथं भाजून निघतेस, असं म्हणाली होती.

त्या संध्याकाळी मी वहिनीला घेऊन आबांसमोर गेले. सगळं सांगितलं. आबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून मांडीवर ठेवलं.

“मीटर जुनं आहे,” ते म्हणाले. “धावत असेल.”

“मग तक्रार करू ना,” मी म्हणाले. “मी उद्या जाते ऑफिसात.”

“तू नको. मी बघतो. ती माणसं उलट आपल्यालाच दंड लावतात.” मग वहिनीकडे वळून, जरा मायेनं, “आणि हे बघ बाळ, मेन स्विचला हात लावायचा नाही. तो ढिला झालाय. शॉक बसेल.”

वहिनीनं मान डोलावली.

आठ-दहा दिवसांनी मी विचारलं, तर आबा म्हणाले, माणूस येऊन तपासून गेला, मीटर ठीक आहे.

“कधी आला?”

“तू क्लासला होतीस.”

मी आईला विचारलं. आई भाजी निवडत होती. “आला असेल,” ती म्हणाली. “मला काय कळतं त्यातलं.” दुपारभर आई ओसरीला लागूनच असलेल्या खोलीत बसलेली असायची. ओसरीत मांजर आलं तरी तिला कळायचं. मला ते खटकलं, पण खटकलं एवढंच. मीटर ठीक आहे म्हटल्यावर माझं मन पुन्हा त्या कुलूपबंद दाराकडे गेलं. मीटर खोटं बोलत नसेल, तर वहिनी बोलत असेल. ज्या बाईनं स्वतः किल्ली माझ्या हातात दिली होती, तिच्याबद्दल मी हे मनात आणत होते. मी तिच्या हातातल्या बांगड्या नव्या आहेत का पाहायचे. ती दुपारी आमच्याकडून अर्धा तास उठून गेली, तर का गेली असेल, याचा विचार करायचे.

मी एकटीच नव्हते. एका दुपारी छतावरच्या कुरडया उचलायला गेले, तर समोर रस्त्यापलीकडे, कडुनिंबाखाली विलासभाऊ सायकल धरून उभे. मिलमध्ये असायची वेळ. डोक्याला रुमाल बांधलेला. ते आमच्या बोळाच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. दुसऱ्या दिवशीही होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला चौकात गाठलं.

“नंदाताई, एक विचारतो, खरं सांगजा. दुपारचं कोण येते आमच्या घरी?”

“कोणी नाही. वहिनी तर आमच्याकडे असतात.”

“सारी दुपार?”

मी क्षणभर थांबले. त्या क्षणभरात त्यांना हवं ते मिळालं असावं. “सारी दुपार,” मी म्हटलं, पण ते सायकलवर बसलेही होते.

विलासभाऊ माणूस म्हणून वाईट नव्हते. ते कमी बोलायचे आणि पगार झाला की वहिनीसाठी मोगऱ्याचा गजरा आणायचे. पण गावाकडून त्यांचे मोठे भाऊ दादाराव येऊन गेले आणि त्यांनी बिल पाहून काहीतरी सांगितलं. लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नव्हतं, तेही त्यात आलं असणार. त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. शब्द कळायचे नाहीत. विलासभाऊंचा एक प्रश्न, मग शांतता, मग तोच प्रश्न. एका सकाळी वहिनी नळावर आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

“काय झालं?” आईनं विचारलं.

“काई नाही, काकू. थे म्हणतात, पंखा कोणासाठी लावतं थे सांग, मी काई म्हणत नाही. फक्त नाव सांग, म्हणतात.” आणि ती बादली उचलून गेली.

पुढच्या रविवारी बैठक बसली. बसली ती आमच्या समोरच्या खोलीत, कारण तिथं कूलर होता, आणि कारण महल्ले सरांचा शब्द सगळे मानायचे. विलासभाऊ, दादाराव, त्यांची म्हातारी आई; आणि मूर्तिजापूरहून बोलावून घेतलेले वहिनीचे वडील, तुळशीरामबुवा. त्यांची पिठाची गिरणी होती. पांढऱ्या धोतरावर पीठ दिसत नव्हतं, पण कानाच्या पाळ्यांवर होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची कापडी पिशवी भरून तिच्याच पायाशी ठेवली होती. ती तिनं भरली नव्हती. सासूनं भरली होती.

उन्हामुळे पडदे ओढलेले, म्हणून आत ट्यूबलाइट लावलेली, छताचा पंखाही सुरू. कूलर घुमत होता. मोठ्यानं बोलावं लागत होतं.

“बत्ती नाही, पंखा नाही,” म्हातारी म्हणाली, “मंग मीटर काय भुतानं फिरवलं?”

“माह्या पोरीले मी ओळखतो,” तुळशीरामबुवा म्हणाले. “तिच्यात खोट नाही.”

“खोट नाही तं बिल काऊन येते?” दादाराव म्हणाले. “आमाले शिकवू नका, बुवा. बंद घरात वीज जाते म्हणजे घर बंद नाही. सर, तुमीच सांगा. तुमच्याएवढं या गोष्टीतलं कोणाले समजते?”

सगळे आबांकडे वळले. आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

“मुलगी चांगली आहे,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यांसमोर वावरते. पण आता... वीज काही आपोआप जात नाही. कुठंतरी जाते, तेव्हाच बिल येतं. एवढंच मला म्हणता येईल.”

वहिनीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण कूलरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

“हे पाहा,” आबा पुढे म्हणाले, “सध्या तिला थोडे दिवस माहेरी जाऊ द्या. डोकी शांत होतील. मी बिलाचं बघतो.”

“थोडे दिवस नाही,” दादाराव म्हणाले. “कायमचंच.”

तुळशीरामबुवा उठून उभे राहिले. “पुरावा काय? माणूस पाहिला कोणी?”

तेव्हा विलासभाऊ पहिल्यांदा बोलले. “पुरावा दाखवतो. आता माह्या घरात कोणी नाही ना? सारे इथं हाय ना? चला बाहीर. चकरी पाहा. फिरत असन. तिनं कुठं तरी वायर ओढून देली हाय कोणाले. मी मेन पाडतो, कोण बोंबलत बाहीर येते थे पाहू.”

“मेनला हात लावू नका!” आबा एकदम ओरडले. आबा ओरडलेले मी तोवर पाहिले नव्हते. “शॉक बसेल!”

पण विलासभाऊ ओसरीत पोहोचले होते. सगळे त्यांच्या मागे गेले. मी पाण्याचे पेले घेऊन स्वयंपाकघरातून येत होते, ती तशीच खोलीत थांबले. वहिनीही जागची हलली नाही. बाहेरून आवाज आला, “पाहा, पाहा कशी फिरते,” आणि मग खटका पडल्याचा आवाज.

कूलर बंद पडला.

एकदम नाही. आधी त्याचा सूर उतरला, मग पात्यांची फडफड वेगळी ऐकू येऊ लागली, मग नुसती पाण्याची टिपटिप.

“लाईन गेली,” आबांचा आवाज आला. “लाईन गेली वाटतं. राहू द्या आता. आत उकडेल, इथंच बसा सावलीत. नंदे, पाणी बाहेर आण.”

मी वर पाहिलं. ट्यूबलाइट लागलेली होती. पंखा फिरत होता.

आई माझ्यासमोर उभी होती. तिनंही वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग ती भिंतीपाशी गेली आणि तिनं ट्यूबचं बटण बंद केलं, पंख्याचं बटण बंद केलं. अगदी सावकाश, रोज झोपताना करते तसं.

अंधारलेल्या खोलीत आम्ही तिघी होतो. पंखा फिरत फिरत थांबला. सरलावहिनीनं ते पाहिलं की नाही, मला कळलं नाही. ती खाली वाकून पिशवीचे बंद आवळत होती.

बाहेर दादाराव म्हणत होते, “लाईनच गेली तं आता काय दाखवशील. चल, बसची वेळ होते बुवांची.”

मी पेले टेबलावर ठेवले. “नंदे,” आई म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही. मी सोडवून घेतलं.

ओसरीत ऊन डोळ्यांवर आलं. आबा मीटरच्या पेटीला पाठ लावून उभे होते. मी त्यांच्यासमोर गेले.

“आबा, बाजूला व्हा.”

“आत जा.”

“लाईन गेली नाही,” मी म्हणाले. माझा आवाज माझाच मला बारीक वाटला. म्हणून पुन्हा म्हणाले, “विलासभाऊ, लाईन गेली नाही.”

आबा हलले नाहीत. मी त्यांच्या खांद्यावरून हात घातला आणि मागच्या खोल्यांचा मेन वर केला. खिडकीत कूलर घुमायला लागला. मी खाली केला. कूलर बसत गेला. वर केला. पुन्हा तोच घुमारा.

तिसऱ्यांदा मला करावं लागलं नाही. विलासभाऊंनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतः केला. खाली. वर. खाली. मग त्यांनी चकतीकडे पाहिलं. ती थांबलेली होती. आमच्या मीटरची आपली हळूहळू चालू होती, आमच्या फ्रिजपुरती.

आबा खांबाला टेकले. त्यांचा चष्मा हातातच होता, आणि चष्म्याशिवाय त्यांचं तोंड मला ओळखीचं वाटेना.

आधी दादाराव हसले. मोठ्यानं, सुटल्यासारखे. “घ्या! मास्तरचा कूलर! अन् आपण बाईवर आळ घेत बसलो!” त्यांनी भावाच्या पाठीत थाप मारली. “चल, झालं. बाई सुटली. बिल मास्तरकडून वसूल कर अन् मोकळा हो.” म्हातारी पदरानं घाम पुसत म्हणाली, “सरले, ठेव मंग चाय. घसा वाळला माहा.”

सरलावहिनी दारात आली होती. हातात पिशवी होती. तिनं कूलरकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल त्यांना. ती त्यांच्या समोरून गेली आणि पायरीवर आपल्या चपला शोधायला लागली.

“बाबा, चला,” ती म्हणाली. “बस सुटन.”

तुळशीरामबुवा गोंधळले. “आता काऊन जातं? आता तं...”

“सरला,” विलासभाऊ म्हणाले. त्यांचा हात अजून स्विचवर होता. “आता कायले जातं? आता समजलं ना सारं.”

“हो ना,” ती म्हणाली. “मलेही समजलं.”

“चुकलं माहं. पण मीटर तं फिरत होतं ना! मी काय करणार होतो?”

“मीटर फिरत होतं,” ती म्हणाली. “मीही होती ना तिथंच. रोज होती. तुमी मीटरले विचारलं.”

ती रडत नव्हती. विलासभाऊ दोन पायऱ्या उतरून गेले, त्यांनी पिशवीला हात घातला. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बापलेक रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं चालत गेले. विलासभाऊ फाटकाशी उभे राहिले, कडुनिंबाखाली उभे राहायचे तसेच, आणि पाहत राहिले. फाटकाच्या बाहेर मात्र गेले नाहीत. मोठे भाऊ मागून हाक मारत होते, “जाऊ दे, येते चार दिवसांनी.”

ती आली नाही.

त्या दुपारी आमच्या घरात कोणी जेवलं नाही. आबा मधल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी जाऊन उभी राहिले.

“तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

ते भिंतीशीच बोलल्यासारखे बोलले. मागच्या खोल्या बांधल्या तेव्हा वायरमननं कूलरची आणि मोटरची लाईन जवळ पडते म्हणून तिकडच्या बोर्डावरून घेतली होती. तेव्हा तिथं भाडेकरू नव्हते, दोन्ही बिलं आबाच भरायचे. मग पहिले भाडेकरू आले आणि आमचं बिल एकदम उतरलं.

“पहिल्याच महिन्यात लक्षात आलं,” ते म्हणाले. “म्हटलं, सुटीत बदलून घेऊ. तेवढ्यात शेजारच्या पागृतांनी बिल पाहिलं नि विचारलं, सर, एवढं कमी कसं आणता? मी सांगितलं, फ्रिज भिंतीपासून लांब ठेवतो. बटणं बंद करतो. ते खोटं नव्हतं, नंदा. ते सगळं मी करतच होतो. लोक यायला लागले. मग मलाच खरं वाटायला लागलं, की हे आपणच वाचवतो.”

“आणि आज? आज तिला घालवून देत होते, तेव्हा?”

त्यांनी उशी डोक्यावर ओढून घेतली.

आई स्वयंपाकघरात होती. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “मला ठाऊक नव्हतं. शपथ घेते.”

“मग पंखा का बंद केलास?”

तिला प्रश्नच कळला नाही असं तिनं माझ्याकडे पाहिलं. “ते म्हणाले ना, लाईन गेली.”

महिनाभरात विलासभाऊंनी खोल्या सोडल्या. आबांनी वायरमन बोलावून लाईन बदलून घेतली. आमचं बिल आलं ते चारचौघांसारखं आलं. संध्याकाळी ओसरीत कोणी यायचं नाही. आबा तरीही खोलीतून उठताना बटण बंद करायचे, आधी बटण, मग चप्पल. शाळेत त्यांना कोणी काही म्हणालं असेल तर त्यांनी घरी सांगितलं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक पाकीट माझ्याकडे दिलं. “मूर्तिजापूरला देऊन ये,” म्हणाले. आत किती पैसे आहेत ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तुळशीरामबुवांची गिरणी बाजाराच्या तोंडाशी होती. लांबूनच पट्ट्याचा आवाज ऐकू येत होता. आत सरलावहिनी होती. डोक्याला घट्ट रुमाल, भुवया पांढऱ्या, एका हातानं दाणे सोडत होती आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं खाली येणाऱ्या पिठात घालून जाडबारीक पाहत होती. मला पाहून तिनं मोटर बंद केली. आवाज थांबायला वेळ लागला.

“बस,” ती म्हणाली आणि एक पोतं पुढे केलं.

मी पाकीट दिलं. मला वाटलं होतं, ती घेणार नाही. प्रवासभर मी तिला कसं घ्यायला लावायचं याचीच वाक्यं जुळवत होते. तिनं ते सरळ घेतलं, उघडलंही नाही, वजनांच्या खालच्या खणात टाकलं.

“माहेच हाय थे,” ती म्हणाली. “सर बरे हाय?”

“बरे आहेत. विलासभाऊ?”

“येऊन गेले दोनदा. आताही येतात म्हणतात.” तिनं रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं. “मी म्हटलं, या. गिऱ्हाईक म्हणून या.” तेवढ्यापुरती ती पूर्वीसारखी हसली.

तिनं चहा मागवला. आईची चौकशी केली, माझ्या परीक्षेची केली. चहा संपत आला तेव्हा कपाकडे पाहत तिनं विचारलं,

“नंदे, तुले कधी कळलं वं?”

“काय?”

“कूलरचं.”

“त्याच दिवशी. लाईन गेली म्हणाले आबा, आणि मी वर पाहिलं तेव्हा.”

“त्याच्या आधी नाही?”

“नाही.”

“एकाच घरात राहून?” ती म्हणाली. रागानं नाही. “मीटर तं तूही पाहिलं होतं.”

“नाही, वहिनी. खरंच.”

तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. असं पाहणं मला ठाऊक होतं. रस्त्यापलीकडून सायकल धरून विलासभाऊ आमच्या बोळाकडे असेच पाहायचे. मला आणखी काही सांगायचं होतं, शपथ घ्यायची होती, पण तिनं विलासभाऊंसमोर किती शपथा घेतल्या असतील ते मनात आलं आणि मी उरलेला चहा पिऊन टाकला.

एवढ्यात एक बाई ज्वारीचा डबा घेऊन दारात आली. सरलावहिनी उठली. तिनं डबा काट्यावर ठेवला, वजन पाहिलं आणि मोटरचं बटण दाबलं. गिरणी सुरू झाली, आणि त्या आवाजात पुढं काही बोलण्यासारखं राहिलं नाही.